वाचकांचे प्रश्न: प्लवकांवर पोस्टडॉक, पण आधी पाण्याचा हिशेब

सागरी प्लवकांच्या (पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या, बहुतांशी सूक्ष्म जीवांच्या) परिसंस्थेवर पीएचडीनंतर संशोधन करू पाहणाऱ्यांची बरीच पत्रं साठली आहेत. "जागा कुठे मिळेल?" हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. तो आम्ही मुद्दाम मागे ठेवला आहे. या विषयात जागा मिळूनही दोन वर्षं हातातून निसटतात, आणि त्याचं कारण बहुधा एकच असतं: किती पाणी, किती नमुने आणि सूक्ष्मदर्शकाखाली किती तास, याचा हिशेब कुणी आधी मांडलेला नसतो. प्रश्न जागेअभावी कापूनछाटून घेतले आहेत.

प्रश्न: एका जाहिरातीत "२४ महिने, प्राणीप्लवकांचं प्रतिमा-विश्लेषण आणि मेटाबारकोडिंग, दोन समुद्रफेऱ्यांत सहभाग अपेक्षित" असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात काम काय असेल?

आधी कॅलेंडर उघडा. दोन फेऱ्या २४ महिन्यांत नेमक्या कुठे पडतात? पहिली तिसऱ्या महिन्यात आणि दुसरी चौदाव्या-पंधराव्या महिन्यात असेल तर जमतं. दुसरी विसाव्या महिन्यात असेल तर तिचे नमुने तुम्ही गोळा कराल आणि शोधनिबंध तुमच्यानंतर येणारा लिहील. जहाजाचे दिवस "मंजूर" आहेत की "अर्ज केला आहे", हेही स्पष्ट विचारा. या दोन शब्दांत कधी कधी दोन वर्षांचं अंतर असतं.

मग यंत्र कोणतं ते विचारा. झूस्कॅन हा एक प्रकारचा जलरोधक सपाट स्कॅनर. त्यावर टिकवलेला नमुना पसरतात आणि एकमेकांना चिकटलेले प्राणी सुईनं सुटे करतात. हे सुटं करणं टाळलं तर दोन कोपेपॉड (झिंग्यांच्या गटातले चिमुकले प्राणी) मिळून एक मोठा प्राणी म्हणून मोजले जातात. संख्या घटते आणि आकारमानावरून काढलेला जैवभार मात्र फुगतो. फ्लोकॅम पाण्याच्या धारेतल्या सूक्ष्म पेशींचे फोटो काढतो. अंडरवॉटर व्हिजन प्रोफायलर सीटीडीबरोबर (क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या यंत्राबरोबर) खाली सोडतात. जेलीसारखे नाजूक जीव जाळ्यात फाटून ओळखू येईनासे होतात, ते त्याला जागच्या जागी दिसतात. म्हणजे यंत्र बदललं की विचारता येणारा प्रश्नच बदलतो. वर्गवारी संगणक करतो हे खरं, पण ती तपासून पक्की करायला माणूसच लागतो, आणि तो माणूस तुम्हीच असता. त्या तासांचा उल्लेख जाहिरातीत सापडणार नाही.

मेटाबारकोडिंगबद्दल, म्हणजे नमुन्यातल्या डीएनएवरून जाती ओळखण्याबद्दल, एवढंच: डीएनएच्या वाचनांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. जनुकाच्या प्रती जातीगणिक वेगवेगळ्या असतात, आणि एक धिप्पाड कोपेपॉड शंभर चिमुकल्यांचा आवाज दाबून टाकू शकतो. प्रकल्पात "विपुलता" हा शब्द असेल आणि सोबत सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी नसेल, तर मुलाखतीत तोच मुद्दा काढा. उत्तर कसं येतं त्यावरून प्रयोगशाळेचा अंदाज येतो.

प्रश्न: माझी पीएचडी तलावातल्या प्लवकांवर आहे. समुद्रातल्या जागेसाठी अर्ज केला तर विचार होईल का?

होईल. मोजणी, संख्याशास्त्र, संवर्धन, क्लोरोफिल काढणं हे सगळं जसंच्या तसं उपयोगी पडतं. अडचण येते ती गृहीतकांची. तलावात चरणारा म्हणजे डॅफ्निया, पाणपिसू: समोर येईल ते गाळून खाणारा आणि नराशिवाय काही दिवसांत पिलावळ वाढवणारा. समुद्रात ती जागा कोपेपॉडांची. त्यांच्या पिल्लावस्थांच्या, म्हणजे नॉप्लियसच्या सहा आणि कोपेपोडाइटच्या पाच, पायऱ्या झाल्या की प्रौढ, आणि खाणं निवडक. अनेक जाती डायटमपेक्षा (सिलिकाचं कवच असलेल्या वनस्पतीप्लवकांपेक्षा) सिलिएट (बारीक केसांनी पोहणारे एकपेशी जीव) पसंत करतात. त्यामुळे "कोपेपॉड वाढले म्हणून वनस्पतीप्लवक घटले" असं सरळ वाक्य समुद्रात सहसा टिकत नाही; कोपेपॉडांनी सिलिएट खाल्ले, तर सिलिएट ज्या सूक्ष्म पेशी खात होते त्या उलट वाढतात.

दुसरं गृहीतक पोषणाचं. तलावात फॉस्फरस आधी आठवतो; समुद्राच्या बऱ्याच भागात आधी नायट्रोजन संपतो, आणि दक्षिण महासागरासारख्या ठिकाणी नायट्रेट भरपूर असूनही लोह अपुरं पडतं. तिसरं सगळ्यात फसवं. तलावातलं ठाणं, म्हणजे नमुने घेण्याची ठरलेली जागा, तलावातच राहतं. समुद्रातल्या त्याच अक्षांश-रेखांशावर पुढच्या महिन्यात गेलात तर पाणीच दुसरं असतं. तिथे दिसलेला बदल हा प्लवकांच्या वाढीचा की प्रवाहानं आणून टाकलेल्या निराळ्या पाण्याचा, हे तापमान-क्षारतेच्या आलेखावरून आधी वेगळं काढावं लागतं. अर्जात हा एक परिच्छेद नीट लिहिलात तर तलावाची पीएचडी उणी वाटत नाही.

प्रश्न: प्रस्तावात १० ठाणी, प्रत्येक ठाण्यावर पाण्याच्या ३ वेगवेगळ्या खोलींवर, दर महिन्याला एकदा असं वर्षभर नमुने घ्यायचं ठरवलं आहे. मार्गदर्शक "जरा जास्त आहे" म्हणतात. किती कमी करू?

गुणाकार करा. १० × ३ × १२ म्हणजे ३६० नमुने. वनस्पतीप्लवकांची उटरमोल पद्धतीनं, म्हणजे पेशी तळाशी बसवून उलट्या सूक्ष्मदर्शकातून जातवार मोजणी करायची, तर सवय झालेल्या माणसालाही एका नमुन्याला चार तास धरा. १,४४० तास झाले. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वेळ डोळे लावून बसणारा माणूस चुका करू लागतो. महिन्याचे २० दिवस धरले तर १०० तास. म्हणजे नुसती मोजणी चौदा महिन्यांहून जास्त. त्यात आजारपण नाही, फेऱ्या नाहीत, लेखन नाही. मार्गदर्शक सौम्य शब्दांत बोलले आहेत.

आता कात्री कुठे लावायची? पहिली लोकांना सुचते ती पेशींच्या संख्येवर: ४०० ऐवजी १०० मोजू. अचूकतेचा ढोबळ नियम असा: मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळानं २ ला भागलं की चूक मिळते. ४०० पेशी मोजल्या तर अधिक-उणे १० टक्के, १०० मोजल्या तर २० टक्के. एकूण संख्येसाठी २० टक्के चालूनही जाईल. पण तुमचा प्रश्न एखाद्या जातीबद्दल असेल आणि ती जात एकूण पेशींच्या ५ टक्के असेल, तर ४०० मध्ये तिच्या वाट्याला २० पेशी येतात आणि चूक होते ४५ टक्के. १०० मध्ये तर पाचच पेशी. त्या आकड्यावर ऋतुबदलाचा आलेख काढू नये.

म्हणून कात्री ठाण्यांवर लावा, आणि वेळापत्रकही बदला. दर महिन्याचा एक ठिपका प्लवकांसाठी फार विरळ आहे. पेशी दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात, एखादा बहर दोन-तीन आठवड्यांत येऊन ओसरतो आणि तुमच्या दोन फेऱ्यांच्या मधे अख्खा निघून जातो. तीन ठाणी, दोन खोल्या (पृष्ठभाग आणि क्लोरोफिलचा कमाल थर), एरवी महिन्यातून एकदा आणि बहराच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला: १० महिन्यांच्या १० फेऱ्या आणि दोन महिन्यांच्या साधारण ८, म्हणजे १८ × ६ = १०८ नमुने, ४३२ तास. वर्षभरात संपेल असं काम. क्लोरोफिल, पोषकद्रव्यं आणि फ्लो सायटोमेट्री (लेझरसमोरून पेशी सोडून यंत्रानं केलेली मोजणी) मात्र सगळ्या दहा ठाण्यांवर घ्या. तिथे एका नमुन्याला लागणारा वेळ मिनिटांचा आहे, तासांचा नाही.

तळाशी बसवण्याबद्दल दोन सूचना, कारण यात चुकलं तर मोजणी कितीही नेटकी असली तरी फुकट. ५० मिलिलिटरच्या नळीला किमान २४ तास द्या, १०० मिलिलिटरच्या नळीला ४८. आणि नमुना शीतकपाटातून काढून लगेच नळीत ओतू नका. थंड पाणी आणि उबदार काच यांत सूक्ष्म प्रवाह उठतात, पेशी एका कडेला ढिगारून बसतात. मग मधली काही दृश्यं मोजून सगळ्या तळाला गुणलं की उत्तर निम्मंही येतं आणि दुप्पटही. बाटली आणि नळी रात्रभर एकाच खोलीत राहू द्या. शेजारच्या टेबलावर सेंट्रिफ्यूज असेल तर टेबल बदला.

नमुना टिकवायला ल्युगोल (आयोडीनचं द्रावण) १ ते २ टक्के, रंग फिक्या चहासारखा. साठवण काचेच्या गडद बाटलीत, कारण प्लास्टिक आयोडीन शोषून घेतं आणि काही महिन्यांत रंग उडतो. रंग उडाला की नमुना कुजायला लागला समजा. त्याआधी थेंबभर ल्युगोल पुन्हा घाला. आम्लयुक्त ल्युगोल कोकोलिथ (कोकोलिथोफोर या वनस्पतीप्लवकांवरच्या चुन्याच्या तबकड्या) विरघळवतो हे लक्षात असू द्या. कोकोलिथोफोर हवे असतील तर दुसरी बाटली लागेल.

प्रश्न: सूक्ष्म प्राणीप्लवक किती चरतात हे मोजण्यासाठी विरलन प्रयोग करायचा आहे. जहाजावर किती पाणी मागावं लागेल?

हा प्रश्न फार कमी जण आधी विचारतात. बहुतेकांना तो जहाजावर, सीटीडी वर आल्यावर, बाकी गटांचे लोक बादल्या घेऊन उभे असताना सुचतो.

लँड्री आणि हॅसेट यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात साधी आहे. समुद्राचं पाणी त्याच पाण्याच्या गाळलेल्या भागानं पातळ करत न्यायचं. पातळ पाण्यात चरणारा आणि चरला जाणारा यांची गाठ कमी पडते, म्हणून निव्वळ वाढ जास्त दिसते. वाढ विरुद्ध विरलन अशी रेषा काढली की रेषेचा छेद म्हणजे वनस्पतीप्लवकांची मूळ वाढ आणि उतार म्हणजे चराई.

पाण्याचा हिशेब असा. पाच पातळ्या: १००, ८०, ६०, ४० आणि २० टक्के. प्रत्येकी तीन बाटल्या, बाटली २ लिटरची, सगळ्यांत पोषकद्रव्यं घातलेली. शिवाय पोषकद्रव्यं न घातलेल्या, पातळ न केलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या. अशा १८ बाटल्या, ३६ लिटर. त्यातलं गाळलेलं पाणी १२ लिटर (०, २०, ४०, ६० आणि ८० टक्क्यांची बेरीज २, गुणिले तीन बाटल्या, गुणिले दोन लिटर) आणि न गाळलेलं २४ लिटर. सुरुवातीच्या क्लोरोफिलसाठी, फ्लो सायटोमेट्रीसाठी, सिलिएट मोजण्यासाठी आणि गाळणी धुण्यासाठी आणखी ८ ते १० लिटर. म्हणजे १० लिटरच्या निस्किन बाटल्या पाच, सगळ्या एकाच खोलीवर बंद केलेल्या. सीटीडीच्या चौकटीवर बाटल्या १२ किंवा २४ असतात आणि त्या सगळ्यांच्या असतात. पाच मागायच्या तर फेरीच्या नियोजन बैठकीतच मागा, किंवा स्वतःसाठी सीटीडी आणखी एकदा खाली सोडणं मंजूर करून घ्या.

प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा ओतताना. सिलिएट फार नाजूक. पाणी उंचावरून बाटलीत धारेनं पडलं, बुडबुडे आले, की ते फुटून मरतात आणि दुसऱ्या दिवशी "चराई शून्य" असं उत्तर येतं. मऊ नळीचं टोक बाटलीत पाण्याखाली ठेवून सावकाश भरा. मोठे प्राणी वगळायला २०० मायक्रॉनची जाळी वापरायची असेल तर तीही पाण्यात बुडवूनच. गाळणी ०.२ मायक्रॉनची कॅप्सूल, आधी सौम्य आम्लानं आणि मग भरपूर शुद्ध पाण्यानं धुतलेली. दाब वाढवून घाई केली तर पेशी फुटतात आणि गाळलेल्या पाण्यात अमोनियम आणि सेंद्रिय द्रव्य उतरतं. मग सगळ्यात पातळ बाटल्या खोट्याच जोमानं वाढतात.

२४ तास, जागच्या तापमानाला आणि प्रकाशाला. समजा पातळ न केलेल्या बाटलीत निव्वळ वाढ दिवसाला ०.२ आली आणि २० टक्क्यांच्या बाटलीत ०.६८. उतार उणे ०.६, छेद ०.८. म्हणजे त्या दिवशी वाढीच्या तीन चतुर्थांश भाग चरला गेला. आकडा जास्त वाटेल, पण महासागरांत सरासरीनं रोजच्या प्राथमिक उत्पादनाच्या ६० ते ७५ टक्के सूक्ष्म प्राणीप्लवकच खातात, त्यामुळे यात वावगं काही नाही. उतार उलटा आला तर मात्र लगेच "नवा शोध" म्हणून धावू नका. आधी पोषकद्रव्यं न घातलेल्या तीन बाटल्या बघा. त्यांच्यात आणि पोषकं घातलेल्यांत मोठा फरक असेल तर त्या पाण्यात प्लवक उपाशी होते, आणि प्रत्येक पातळीला पोषकं सारखीच पोचली होती का हे तपासायला हवं. तिथेही काही सापडलं नाही, तर गाळणीकडे वळा.

प्रश्न: आमच्या जाळ्यातले आकडे शेजारच्या गटाच्या आकड्यांच्या दीडपट आहेत. ठिकाण तेच, आठवडा तोच. चूक कुणाची?

कदाचित कुणाचीच नाही, आणि कदाचित फ्लोमीटरची, म्हणजे जाळ्यात किती पाणी शिरलं ते मोजणाऱ्या पंख्याची. एक उदाहरण घ्या. डब्ल्यूपी-२ जाळ्याचं तोंड ०.२५ चौरस मीटर. ५० मीटरवरून उभं वर ओढलं तर कागदावर १२.५ घनमीटर पाणी गाळलं गेलं. नमुन्याच्या सोळाव्या भागात ३१० कोपेपॉड मिळाले. ३१० × १६ ÷ १२.५ म्हणजे घनमीटरला ३९७. पण पाण्यात डायटमचा बहर होता, जाळी बुजली आणि तोंडाशी आलेलं काही पाणी आत न शिरता बाजूनं निघून गेलं. फ्लोमीटर सांगतो की प्रत्यक्षात ८ घनमीटरच गाळलं गेलं. तोच नमुना आता घनमीटरला ६२०. एकानं दोराची लांबी धरली, दुसऱ्यानं फ्लोमीटर. दीडपट फरक इथेच पडला.

फ्लोमीटरही भोळा नसतो. उभ्या ओढीत जाळं खाली जाताना पंखा उलटा फिरतो. उलटं फिरणं रोखणारी खीळ नसेल तर वाचन निरर्थक. दर फेरीआधी मीटरचं अंशांकन करा: मोकळ्या रिंगेत, जाळ्याशिवाय, ठरावीक अंतर ओढून. ओढीचा वेग मिनिटाला ४५ मीटरच्या आसपास ठेवा. फार सावकाश ओढलं तर चपळ प्राणी निसटतात. फार जोरात ओढलं तर पाणी तोंडाशी तुंबतं आणि लहान प्राणी जाळीतून दाबून बाहेर पडतात.

जाळीच्या छिद्रांचा आकार शेजाऱ्यांना विचारलात का? २०० मायक्रॉनमधून ऑइथोनासारखे सडपातळ कोपेपॉड आणि बहुतेक नॉप्लियस आरपार जातात. ३३३ मधून त्याहून बरंच काही. १०० मायक्रॉनची जाळी घेतली तर ते सापडतात, पण ती लवकर बुजते, म्हणून ओढ आखूड ठेवावी लागते. आणि वेळ? दिवसा १०० मीटरखाली बसलेले प्राणी रात्री वर येतात. दुपारची ओढ आणि मध्यरात्रीची ओढ यांची तुलना करू नये.

जाळं वर आलं की बाहेरच्या बाजूनं धुवायचं, म्हणजे चिकटलेले प्राणी टोकाच्या डब्यात उतरतात. आतून पाणी मारलं तर त्या पाण्यातले प्लवकही नमुन्यात जमा होतात. बारीक गोष्ट वाटते, पण नवख्या माणसाच्या हातात होज दिला की तो आधी आतच पाणी मारतो.

प्रश्न: जहाजावर जाणं मला शक्य नाही. उपलब्ध माहितीवर पोस्टडॉक होतो का?

होतो, आणि चांगला होतो, पण माहिती कशानं गोळा झाली हे कळल्याशिवाय नाही. कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर १९३१ पासून व्यापारी जहाजांमागून ओढला जातो. एवढी लांब मालिका दुसरी नाही. पण तो पृष्ठभागाजवळच, साधारण ७ मीटरवर चालतो, रेशमी जाळी २७० मायक्रॉनची, एक नमुना १० सागरी मैलांचा आणि गाळलेलं पाणी जेमतेम ३ घनमीटर. त्यात न दिसलेली लहान जात समुद्रात नव्हती असं म्हणता येत नाही. कल कसा बदलला हे विचारायला तो उत्तम. घनमीटरला नेमके किती, हे विचारायला नाही.

बर्म्युडाजवळची आणि हवाईजवळची काल-मालिका दोन्ही १९८८ पासूनच्या. तारा या संशोधन जहाजाच्या मोहिमेची जनुकीय माहिती २००९ ते २०१३ ची, सगळी खुली. उपग्रहांचं क्लोरोफिल १९९७ पासून सलग मिळतं, पण क्लोरोफिल म्हणजे जैवभार नव्हे: कमी प्रकाशात पेशी स्वतःतलं क्लोरोफिल वाढवते. हिवाळ्यात हिरवेपणा वाढला म्हणून पेशी वाढल्या असं लिहिलंत, तर परीक्षक नेमकं तेच वाक्य अधोरेखित करून परत पाठवेल.

प्रश्न: फेलोशिपसाठी संभाव्य मार्गदर्शकाला कधी लिहावं? आणि दुसऱ्या देशाच्या पाण्यात नमुने घ्यायचे असतील तर?

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपच्या अर्जाची मुदत एरवी सप्टेंबरात संपते. यजमान संस्थेबरोबर प्रस्ताव लिहायचा, तिच्या कार्यालयाकडून कागद घ्यायचे, तर एप्रिल-मेमध्ये पत्र गेलं पाहिजे. ऑगस्टमध्ये लिहिलेल्या पत्राला उत्तर येतं ते बहुधा "पुढच्या वर्षी बघू" असं. यजमान देशात आधीपासून राहत असाल तर स्थलांतराची अट आधी वाचा: मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त काळ तिथे राहिलेल्याला आजवर अपात्र ठरवलं जात आलं आहे. अटी बदलतात, त्या वर्षीची मार्गदर्शिकाच प्रमाण माना.

पत्र छोटं असावं. त्यांच्या कुठल्या शोधनिबंधातला कुठला प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, तो तुम्ही कुठल्या नमुन्यांवर आणि कुठल्या पद्धतीनं सोडवणार, आणि तुमच्या हातात आज काय येतं. "मला सागरी परिसंस्थेत रस आहे" या वाक्याला कुणी उत्तर देत नाही.

परक्या पाण्याचं तर आणखी आधी. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनारी देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात संशोधनाला त्या देशाची संमती लागते आणि तपशील किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. जनुकीय काम असेल तर नागोया प्रोटोकॉलखालची (जनुकीय संसाधनांच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची) परवानगी वेगळी. ही कामं जहाजाचा प्रमुख शास्त्रज्ञ करतो असं धरून चालू नका. तुमच्या नमुन्यांचा उल्लेख त्या अर्जात आहे का, ते वाचून घ्या. अर्जात "पाणी आणि प्लवक" असेल आणि "डीएनए" नसेल, तर नमुने उणे ८० अंशांवर पडून राहतात.

प्रश्न: बोट लागते. तरी जावं का?

जा. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. औषध निघण्याआधी घ्यायचं असतं, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि कोणतं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून. हलत्या जहाजावर सूक्ष्मदर्शकात बघण्याची योजना मात्र कागदावरच राहू द्या; तिथे फक्त टिकवा, गोठवा, नोंदवा. नियोजनात पहिल्या दिवशी विरलन प्रयोग ठेवू नका.

प्रश्न: मार्गदर्शक म्हणतात, आधीच्या संशोधकाच्या २०० बाटल्या कपाटात आहेत, त्यावरच दोन निबंध होतील. हो म्हणू का?

हो म्हणण्याआधी दहा बाटल्या उघडायला परवानगी मागा, आणि त्या दहा तुम्ही निवडा. पहिली गोष्ट, टिकवलंय कशात? फॉर्मॅलिन असेल तर मेटाबारकोडिंग जवळजवळ विसरा. डीएनए तुटलेला असतो. अंतिम प्रमाण ४ टक्के, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग आणि नमुन्याचे नऊ. सामू मोजा. बोरॅक्स घातलेलं नसेल तर वर्षानुवर्षं आम्ल होत गेलेल्या फॉर्मॅलिनमध्ये टेरोपॉडांची (पोहणाऱ्या समुद्री गोगलगायींची) कवचं आणि फोरामिनिफेरा (चुन्याच्या कवचाचे एकपेशी जीव) विरघळून गेलेले असतात. ते नमुन्यात दिसत नाहीत म्हणून "त्या वर्षी नव्हते" असा निष्कर्ष काढणारे निबंध लिहू नका. इथेनॉल असेल तर पहिल्या २४ तासांत ते बदललं होतं का विचारा. प्राण्यांच्या अंगातल्या पाण्यानं ते पातळ होतं आणि डीएनए तिथेच खराब होतो. बाटलीत एक तृतीयांशापेक्षा जास्त गाळ प्राण्यांचाच असेल तर द्रव कमी पडलेला असतो, मधले प्राणी कुजलेले निघतात. बाटल्या उघडण्याचं काम फ्यूम हूडखालीच (वाफा शोषून घेणाऱ्या कपाटातच) करा.

दुसरी गोष्ट नोंदवही. ओढीची खोली, फ्लोमीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन, जाळी, वेळ. फ्लोमीटरचे आकडे नसतील तर घनमीटरला किती हे कधीच कळणार नाही, पण जातींचं आपसातलं प्रमाण आणि शरीराची लांबी तरी काढता येते. एक निबंध तेवढ्यावर होऊ शकतो, दोन नाही.

तिसरी गोष्ट चिठ्ठी. ती बाटलीच्या आत, जलरोधक कागदावर, पेन्सिलीनं लिहिलेली हवी. शाई इथेनॉलमध्ये उतरते. आणि चिठ्ठी फक्त झाकणावर चिकटवलेली असेल, तर झाकणं कधी काढून धुतली होती का, हे आधीच्या संशोधकाला पत्र लिहून विचारा.